डिकीतला सबवूफर पक्का कसा बसवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीत वूफर बसवून घेणारे लोक आवाजाबद्दल दहा प्रश्न विचारतात, पण बॉक्स कशाने धरून ठेवला आहे हा प्रश्न त्यांना बहुधा पहिल्या मोठ्या ब्रेकनंतर पडतो. अशा वाचकांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे १२ इंची वूफरचा (खर्जातल्या आवाजाच्या स्पीकरचा), एमडीएफच्या फळ्यांत बांधलेला, सुमारे २० किलोंचा बॉक्स धरला आहे, कारण आपल्याकडच्या हॅचबॅक आणि सेडान गाड्यांत तोच सर्वांत जास्त दिसतो.

१. बॉक्स चांगला २० किलोंचा आहे, आपल्या वजनानेच जागेवर राहतो. मग तो बांधायची गरज काय?

वजन बॉक्सला खाली दाबते. त्याला पुढे जाण्यापासून अडवते ते घर्षण, आणि डिकीतल्या कार्पेटवर हे घर्षण वजनाच्या निम्म्याच्या आसपासच असते. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला, तर २० किलोंच्या बॉक्सवर पुढच्या दिशेने साधारण १६ किलोंचा जोर येतो. कार्पेट त्यातला ८-१० किलोंचा जोर थोपवते आणि उरलेल्या जोराने बॉक्स घसरतो. त्यातही स्पीडब्रेकरवरून किंवा खड्ड्यातून जाताना गाडीचा मागचा भाग उसळून खाली येतो, त्या क्षणी बॉक्स जमिनीवर जवळपास टेकलेलाच नसतो, म्हणजे घर्षणही नसते. वळणातल्या खड्ड्यानंतर बॉक्स तिरका झालेला आढळतो, त्याचे कारण हेच. "दोन वर्षांत कधी हलला नाही" याचा अर्थ तसा ब्रेक अजून लागलेला नाही, एवढाच.

२. अपघात झाला तर तो नेमका किती जोराने पुढे येईल?

ताशी ५० किलोमीटर वेगात २० किलोंच्या बॉक्समध्ये जेवढी ऊर्जा असते, तेवढीच तो सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडला तर जमिनीवर आदळताना असते. गाडीचे नाक चेपत चेपत ६० सेंटिमीटरमध्ये गाडी थांबली असे धरले, तर बॉक्स गाडीला घट्ट बांधलेला असतानाही त्याला धरून ठेवायला सरासरी सव्वातीनशे किलोंचा जोर लागतो, आणि एखाद्या क्षणी त्याहूनही जास्त.

बॉक्स मोकळा असेल तर गणित आणखी बिघडते. गाडी आणि तिच्यासोबत सीट मंदावू लागली, तरी मोकळा बॉक्स आपल्या जुन्याच वेगाने पुढे जात राहतो आणि मधले अंतर ओलांडून सीटवर आदळतो. म्हणून बॉक्स आणि सीट यांच्यात वीतभर मोकळी जागा सोडणे हे बॉक्स न बांधण्याइतकेच वाईट. या पानावरच्या पुढच्या जवळजवळ सगळ्या सल्ल्यांमागे हीच दोन कारणे आहेत: बॉक्सला धावायला जागा मिळू नये, आणि त्याला धरणारी वस्तू शेवटी गाडीच्या पत्र्यात किंवा सांगाड्यात रुतलेली असावी.

३. बॉक्स डिकीत कुठे आणि कोणत्या बाजूने ठेवावा?

मागच्या सीटच्या पाठीला पूर्ण टेकवून, लांब बाजू आडवी ठेवून आणि बॉक्स जितका बुटका राहील तितका बुटका ठेवून. सीटची पाठ तिरकी असते, म्हणून बाजारात तिरक्या पाठीचे बॉक्स मिळतात. चौकोनी बॉक्स असेल तर खाली राहणारी पाचरीसारखी फट कडक फोमच्या तुकड्याने भरावी. उभा ठेवलेला अरुंद बॉक्स ब्रेकला घसरण्याआधीच कलंडतो आणि कलंडलेला बॉक्स सीटच्या पाठीवरून सहज आत येतो. त्याची वरची कड पाठीच्या वरच्या टोकापेक्षा उंच नसावी.

वूफरचे तोंड मागच्या दाराकडे किंवा वर असले तरी चालते, मात्र कोनसमोर (वूफरच्या हलणाऱ्या पडद्यासमोर) आणि पोर्टसमोर (बॉक्सच्या हवा जाण्यायेण्याच्या भोकासमोर) काही सेंटिमीटर मोकळी हवा हवी आणि कोनवर लोखंडी जाळी हवीच. जाळीविना वूफरवर एखाद्या प्रवासी बॅगेचे चाक टेकले की कोन फाटतो, आणि मग तक्रार कंपनीच्या नावाने होते.

४. गाडीला एकही भोक न पाडता बॉक्स पक्का करता येतो का?

बऱ्याच गाड्यांत येतो, आणि पहिला प्रयत्न तोच करावा. दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग पट्ट्यांचा. डिकीच्या तळाला चार कोपऱ्यांत लोखंडी कड्या असतील, तर दोन पट्टे लागतात आणि त्या दोघांचे काम वेगवेगळे असते. एक पट्टा बॉक्सच्या सीटकडील बाजूने, म्हणजे बॉक्स आणि सीट यांच्या मधून न्यावा आणि त्याची दोन्ही टोके मागच्या दाराकडील कड्यांत अडकवावी. हा पट्टा बॉक्सला पुढे जाऊ देत नाही. दुसरा पट्टा वरून आडवा घेऊन दोन्ही बाजूंना खाली ओढावा. हा त्याला उसळू देत नाही आणि गाडी उलटली तर छताकडे जाऊ देत नाही. लोक बहुतेक वेळा फक्त वरचा पट्टा बांधतात. तो दिसायला घट्ट दिसतो, पण समोरच्या धक्क्यात बॉक्स त्याच्याखालून साबणासारखा निसटतो. पट्टा कोनवरून जाऊ देऊ नये आणि एमडीएफच्या धारदार कडेवर त्याच्याखाली रबराचा किंवा जुन्या कार्पेटचा तुकडा ठेवावा.

दुसरा मार्ग स्टेपनीच्या बोल्टचा. स्टेपनी डिकीच्या तळाशी खड्ड्यात असेल, तर तिला मध्ये धरणारा एक लांब बोल्ट आणि त्याखाली पत्र्याला जोडलेला आट्याचा आधार असतो. डिकीच्या तळाच्या मापाचा १२ किंवा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा फळा कापावा, बॉक्स त्याला खालून नट-बोल्टने जोडावा (पाहा प्रश्न ९), आणि स्टेपनीच्या मूळ बोल्टऐवजी त्याच आट्याचा पण अधिक लांब बोल्ट फळ्यातून आणि चाकातून खाली कसावा. दुकानात जाताना जुना बोल्ट नमुना म्हणून न्यावा, आटे अंदाजाने घेऊ नयेत. फळा डिकीच्या भिंतींना चारही बाजूंनी टेकत असेल तर तो फिरत नाही. चाकही आपल्या जागी घट्ट राहिले पाहिजे, नाहीतर बॉक्सच्या बंदोबस्तात स्टेपनी मोकळी सुटायची.

५. डिकीत आधीच हुक दिलेले आहेत. ते किती वजन पेलतात?

हुक कशाचा आहे ते आधी पाहावे. बाजूच्या प्लॅस्टिकच्या आवरणात बसवलेले छोटे हुक भाजीच्या पिशवीसाठी किंवा सामानाच्या जाळीसाठी असतात. गाडीच्या पुस्तिकेत त्यांची मर्यादा दिलेली असते आणि ती बहुधा अगदी थोड्या किलोंची असते. तळाच्या कार्पेटमधून वर आलेली, बोल्टने थेट पत्र्यात कसलेली लोखंडी कडी ही वेगळी गोष्ट. शंका असल्यास कार्पेट उचलून पाहावे: कडीखाली बोल्टचे डोके दिसले तर ती कामाची, प्लॅस्टिकची खुंटी दिसली तर नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या गाडीत मी स्वतःच मोठ्या अभिमानाने पट्टा आणला, ताणून बसवला आणि त्याची टोके जाळीच्या हुकांत अडकवली. ताम्हिणी घाट उतरताना एका वळणावर म्हैस आडवी आली. गाडी थांबली, म्हैस शांतपणे पुढे गेली, आणि मागून आधी काडी मोडल्यासारखा 'कट्' आवाज आला, नंतर सीटच्या पाठीवर धप्पकन काहीतरी आदळले. पट्ट्याला ओरखडाही नव्हता. त्याच्या टोकाला हुक तसाच अडकलेला होता आणि हुकाभोवती आवरणाचा तळहाताएवढा तुकडा. मागे कोणी बसलेले नव्हते म्हणून ही गोष्ट आज गमतीने सांगता येते.

६. पट्टा कोणता घ्यावा? मोटारसायकलची रबरी दोरी, केबल टाय, वेल्क्रो यांनी भागते का?

रबरी दोरी नको, कारण ती ताणली जाण्यासाठीच बनवलेली असते. धक्क्यात ती बॉक्सला आधी पुढे जाऊ देते आणि मग गोफणीसारखी मागे खेचते. प्लॅस्टिकचे केबल टाय वायरी बांधण्यापुरते ठेवावेत. उन्हात तापणाऱ्या डिकीत वर्षभरात ते ठिसूळ होतात.

वेल्क्रोचा प्रश्न थोडा नाजूक आहे. बॉक्सच्या तळाला स्क्रूने किंवा पिना मारून पक्की केलेली रुंद, खरखरीत वेल्क्रो पट्टी डिकीच्या केसाळ कार्पेटला चांगली पकडते आणि रोजच्या वळणांत बॉक्स सरकू देत नाही. मात्र ते कार्पेट स्वतः गाडीला कशाने धरलेले आहे? चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी. त्यामुळे वेल्क्रो ही पट्ट्याच्या जोडीला, पट्ट्याऐवजी नव्हे. दोन्ही बाजूंना चिकट असलेली टेप आणि घसरू न देणारी रबरी चटई यांनाही हेच लागू. टेपचा गोंद मे महिन्यात बंद गाडीत मऊ पडतो.

घ्यायचा तो २५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, पॉलिएस्टरचा, रॅचेट (दांडीने आवळायची दातेरी कळ) असलेला पट्टा. नायलॉन ओले झाले की लांबते, पॉलिएस्टर तितके लांबत नाही. चांगल्या पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर 'एलसी' (बांधून धरण्याची क्षमता) असे लिहून पुढे 'डेकान्यूटन' या एककात आकडा दिलेला असतो. एक डेकान्यूटन म्हणजे व्यवहारात एक किलोचा जोर समजावा. बॉक्सच्या वजनाच्या वीसपट हा माझा हिशेब आहे: २० किलोंच्या बॉक्सला पुढे जाण्यापासून अडवणाऱ्या पट्ट्याची क्षमता किमान ४०० असावी. लेबल नसलेला पट्टा कितीही जाड दिसला तरी घेऊ नये. आणि रॅचेट बॉक्स कुरकुरेपर्यंत आवळू नये, एमडीएफची कड दबते आणि मग पट्टा आपोआप सैल होतो.

७. मुलांच्या सीटसाठी दिलेल्या आयसोफिक्सच्या कड्या किंवा सीटबेल्टचा बोल्ट वापरला तर? ते तर सर्वांत मजबूत असतात.

मजबूत असतात हे खरे, आणि म्हणूनच मोह होतो. पण त्या जागा माणसासाठी राखलेल्या आहेत. आयसोफिक्सच्या कडीवर बॉक्सचाही ओढा आला, तर अपघातात मुलाच्या सीटच्या वाट्याची ताकद बॉक्स घेऊन बसतो. डिकीच्या तळाला किंवा सीटच्या पाठीमागे असलेली मुलाच्या सीटच्या वरच्या पट्ट्याची कडीही त्यातच आली. ती पुष्कळदा सामानाच्या कडीसारखीच दिसते, म्हणून पुस्तिकेत खात्री करून घ्यावी.

सीटबेल्टचा बोल्ट उघडूच नये. तो ठरावीक जोराने कसलेला असतो आणि त्याखाली वॉशर किंवा पट्टी घुसवली की त्याची पकड बदलते. अँप्लिफायरची अर्थची वायर याच बोल्टखाली दाबण्याची काही फिटरांना सवय असते. आपल्या गाडीत तसे केले असल्यास ती काढायला लावावी.

८. फिटर म्हणतो, बॉक्स सरळ मागच्या सीटच्या पाठीलाच स्क्रूने जोडू. चालेल का?

दुमडणाऱ्या सीटला नाही. ती पाठ वरच्या बाजूला एकदोन खिट्ट्यांनी धरलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील नियम क्रमांक १७ मध्ये सामानाची एक चाचणी आहे: डिकीत प्रत्येकी १८ किलोंचे, ३० सेंटिमीटरचे दोन घन ठोकळे ठेवून सुमारे ५० किलोमीटर वेगाचा धक्का देतात आणि पाठ टिकते का ते पाहतात. म्हणजे चाचणीचे एकूण सामान ३६ किलो. २० किलोंचा बॉक्स, त्यावर अँप्लिफायर, त्यात घरच्या दोन बॅगा असा भार सहज त्यापुढे जातो. शिवाय तुमच्या गाडीच्या खिट्ट्या आठ वर्षे वापरलेल्या असू शकतात. पाठीला बॉक्स टेकवावा, लटकवू नये. टेकवण्यापूर्वी दोन्ही खिट्ट्या पूर्ण बसल्याची खात्री करावी. अर्धवट बसलेल्या खिटीजवळ बहुतेक गाड्यांत लाल खूण दिसत राहते.

काही सेडान गाड्यांत सीटमागे पत्र्याची पक्की भिंत असते. तिला जोडणे शक्य आहे, पण तिथेही प्रश्न १० मधली सगळी पथ्ये लागू आहेत.

९. बॉक्सला लोखंडी एल-पट्टी लावली होती, पण स्क्रू काही महिन्यांत सैल होऊन बाहेर आले. काय चुकले?

एमडीएफ म्हणजे गोंद घालून दाबलेले लाकडाचे बारीक तंतू. त्यात सततच्या कंपनाने स्क्रूच्या आट्याभोवतीचे तंतू मोकळे होतात. फळीच्या जाडीच्या कडेत मारलेला स्क्रू तर फळीलाच चिरतो. एल-पट्टीसाठी आरपार बोल्ट घ्यावा, आतल्या बाजूने दातेरी टी-नट (लाकडात रुतून बसणारा नट) ठोकावा आणि बाहेरून रुंद वॉशर घालावा. त्यासाठी वूफर काढून भोकातून हात आत घालावा लागतो. कामाचे अर्धा-पाऊण तास वाढतात, आणि म्हणूनच ते बहुधा टाळले जाते. बोल्टच्या भोकाभोवती सिलिकॉन भरावे, नाहीतर बंद बॉक्समधून हवा गळून फुसफुस ऐकू येते. वूफर परत बसवताना त्याचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

१०. कड्याच नाहीत, ड्रिल करावेच लागणार. काय काळजी घ्यावी?

गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेऊन आधी खालून पाहावे. डिकीच्या आणि मागच्या सीटच्या खाली इंधनाची टाकी, तिच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर आणि वायरींचे जुडगे असते. वरून कार्पेटवर खडूची खूण करून थेट ड्रिल चालवणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नये, मग तो कितीही वर्षांचा अनुभवी असो. बॅटरीची ऋण तार सोडावी. ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून किंवा कॉलर लावून ते पत्र्यापलीकडे जेमतेम जाईल एवढेच बाहेर ठेवावे.

बोल्ट ८ मिलिमीटरचा आणि चांगल्या प्रतीचा पुरतो, पण त्याची खरी ताकद खालच्या वॉशरमध्ये असते. डिकीचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. नेहमीच्या लहान वॉशरवर सव्वातीनशे किलोंचा ओढा आला की बोल्ट पत्रा फाडून वर येतो. खालून ४०-५० मिलिमीटर रुंद आणि २-३ मिलिमीटर जाड लोखंडी चकती किंवा पट्टी घालावी, वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) लावावा. गाडीच्या लांबीने जाणाऱ्या पेटीसारख्या जाड तुळया अपघाताचा भार घेण्यासाठी असतात, त्यांत भोक पाडू नये.

आणि गंज. भोकाच्या उघड्या कडेला जस्तयुक्त प्रायमर, तो वाळल्यावर रंग, आणि बोल्ट कसताना सीलंट हा क्रम कोकणात राहणाऱ्यांनी तरी सोडू नये. एका पावसाळ्यात कडेला तांबूस कड येते आणि तिसऱ्यात बोटाने पत्रा सुटतो. ड्रिलचा लोखंडी चुरा चुंबकाने गोळा करावा, कारण कार्पेटखाली राहिलेला प्रत्येक कण स्वतंत्र डाग पाडतो.

११. डिकीत सीएनजीची टाकी आहे. उरलेल्या जागेत बॉक्स बसवता येईल का?

जागा असली तर बसवता येईल, पण टाकीचा आधार घेऊन नव्हे. टाकीत भरल्यावर सुमारे २०० बारचा दाब असतो. टाकीच्या पट्ट्यांना किंवा चौकटीला बॉक्स बांधू नये, टाकीला टेकवू नये, आणि तिच्या जवळपास ड्रिल मुळीच चालवू नये. बॉक्स सुटला तर तो टाकीच्या वॉल्व्हवर किंवा नळीवर आदळणार नाही अशी जागा निवडावी, वॉल्व्हपर्यंत हात पोहोचला पाहिजे, आणि वायू बाहेर सोडणारी नळी दबता कामा नये. टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते, तेव्हा टाकी बाहेर काढतात. म्हणून बॉक्स पाच मिनिटांत निघेल असाच हवा (पाहा प्रश्न १४). खरे मत विचाराल तर सीएनजी गाडीत १२ इंची बॉक्सचा हट्ट सोडून प्रश्न १७ मधला पर्याय घ्यावा.

१२. गाडी विजेवर चालणारी आहे. वरचे सगळे लागू होते का?

पट्ट्यांचे सगळे लागू होते, ड्रिलचे काहीच नाही. या गाड्यांत तळाखाली उच्च दाबाची बॅटरी आणि नारिंगी रंगाच्या केबली असतात. हायब्रिड गाडीत बॅटरी मागच्या सीटखाली किंवा थेट डिकीच्या तळाखाली असू शकते. तिथे भोक पाडणे म्हणजे वॉरंटीचा नव्हे, जिवाचा प्रश्न. बॅटरी थंड ठेवण्यासाठी मागच्या सीटजवळ हवेची जाळी दिलेली असेल तर बॉक्सने ती झाकू नये.

१३. स्टेपनी बॉक्सखाली अडकते. पंक्चर झाले तर काय?

फळ्याच्या पद्धतीत (प्रश्न ४) मधला एक बोल्ट सोडला की बॉक्ससकट फळा उचलला जातो. त्यासाठी लागणारा पाना बॉक्सखाली नव्हे तर पुढच्या दाराच्या कप्प्यात ठेवावा. ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण पाना स्टेपनीच्या खड्ड्यातच राहिल्याची गाऱ्हाणी आम्हांला दर पावसाळ्यात येतात. बॉक्स बसवल्यानंतर एकदा घरासमोरच स्टेपनी काढून परत बसवून पाहावी.

१४. गणपतीला गावी जाताना डिकी पूर्ण लागते. रोज काढता-घालता येईल अशी पद्धत कोणती?

फळा कायम ठेवून त्यावर कडी लावलेले दोन बोल्ट आणि बॉक्सला रॅचेट पट्टे, ही सर्वांत सोयीची. वायरींना जोडणी-सुटणीचा प्लग बसवून घ्यावा, त्याची दोन टोके उलटी जोडलीच जाणार नाहीत असा. प्लग सोडल्यावर गाडीकडच्या टोकाला टोपी घालावी, नाहीतर ते पत्र्याला लागून अँप्लिफायर बंद पडतो.

बॉक्स काढला तर घरीच ठेवावा. सर्वांत धोक्याचा प्रसंग मी पाहिला तो हाच: बॉक्स बांधणीतून सोडला, खाली पिशव्या भरल्या, आणि मग "राहू दे वरच" म्हणून २० किलोंचा बॉक्स मऊ पिशव्यांवर, मागे बसलेल्या आजींच्या मानेच्या उंचीवर ठेवला. बॉक्स सोबत न्यायचाच असेल तर तो आपल्या जागी बांधलेलाच राहावा आणि सामानाने जागा करून घ्यावी.

१५. सात आसनी गाडीत तिसऱ्या रांगेमागे बॉक्स ठेवला आहे. पुरेसे आहे का?

तिथे डिकीची खोली थोडी असल्याने बॉक्स उभा ठेवावा लागतो, आणि त्याच्या पुढ्यातच कोणाचे तरी डोके असते. तिसऱ्या रांगेत माणसे बसत असतील तर तिथे उभा बॉक्स ठेवू नये, या मतावर मी ठाम आहे. रांग कायम दुमडलेली राहणार असेल, तर बॉक्स दुसऱ्या रांगेच्या पाठीला टेकवून बांधावा. दुमडलेल्या सीटवर नुसता ठेवला तर खाली स्प्रिंगच्या गादीसारखी उसळी मिळते.

१६. अँप्लिफायर बॉक्सवरच लावला आहे. त्यात धोका आहे का?

बॉक्सची कंपने दिवसभर अँप्लिफायरच्या आतल्या सोल्डरच्या जोडांना हादरवतात, आणि बॉक्स हलला तर जाड वीजतार ओढली जाते. शक्य असल्यास तो फळ्यावर किंवा डिकीच्या बाजूला वेगळ्या पट्टीवर लावावा. वायरीला हातभर ढील ठेवावी, ती पट्ट्याखाली किंवा बॉक्सच्या तळाखाली दबू देऊ नये, आणि जिथे ती पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) असावे. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. सुटलेल्या बॉक्सने तार चिरली, तर गाडी आणि आग यांच्यामध्ये तेवढीच एक गोष्ट उभी असते.

१७. सीटखालचा पातळ वूफर घेतला तर बांधण्याची कटकट संपते का?

कमी होते. तो काही किलोंचाच असतो आणि सीटच्या चौकटीत अडकलेला असतो. पण चालकाच्या सीटखाली तो मोकळा राहिला आणि पुढे सरकला, तर ब्रेकच्या पेडलखाली येऊ शकतो. म्हणून शक्यतो शेजारच्या सीटखाली, कंपनीने दिलेल्या पट्ट्यांनी आणि खाली वेल्क्रो लावून बसवावा. सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून पाहावी. सीटखालच्या पिवळ्या प्लगला हात लावू नये, तो एअरबॅगच्या यंत्रणेचा असतो.

१८. बॉक्स पक्का बसला आहे हे कसे तपासावे?

बॉक्सच्या चारही कोपऱ्यांशी कार्पेटवर खडूने रेघ मारावी. दोन्ही हातांनी बॉक्स पुढे, मागे आणि वर असा अंग लावून ओढावा. बॉक्स हलण्याऐवजी गाडी हलली पाहिजे. मग मोकळ्या मैदानात, मागे कोणी नसताना, ताशी ३० किलोमीटर वेगावरून तीन-चार वेळा जोरात ब्रेक लावावा आणि एकदा स्पीडब्रेकरवरून जावे. रेघ आणि बॉक्स यांत बोटभरही फट पडली तर बांधणी पुन्हा करावी. पहिल्या १०० किलोमीटरनंतर रॅचेट एकदा तपासावे, कारण नवा पट्टा बसतो; पुढे महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी. धागे निघालेला किंवा उन्हाने फिका पडलेला पट्टा बदलावा.

१९. बास वाजताना खडखड होते. बॉक्स सैल झाला असेल का?

दरवेळी नाही. गाणे बंद करून गाडी स्पीडब्रेकरवरून न्यावी: तेव्हाही 'ठक' आवाज आला तर बॉक्स किंवा स्टेपनी सैल आहे. फक्त गाण्याबरोबरच येत असेल तर नंबरप्लेट, पार्सल ट्रे किंवा पट्ट्याचे लोंबते टोक पाहावे. शेवटच्याचा उपाय दोन रुपयांचा केबल टाय.

२०. असा बॉक्स बसवणे कायद्याने चालते का? आणि विम्याचे काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील अशा फेरफारांवर आहे. काढता येणाऱ्या बॉक्समुळे तो तपशील बदलत नाही. सीट कायमची काढून टाकून तिथे बॉक्स बसवला तर आसनसंख्या बदलते, आणि मग प्रश्न वेगळा. विम्यात मात्र कारखान्यातून न आलेले विद्युत उपकरण आपोआप धरले जात नाही. पॉलिसी घेताना त्याची किंमत जाहीर करून आयएमटी २४ या क्रमांकाचे कलम जोडून घ्यावे आणि बिल जपून ठेवावे.

२१. पावसाळ्यात डिकीत पाणी शिरले आणि बॉक्सचा तळ फुगला. वाळवून पुन्हा वापरू का?

वाजवायला वापरता येईल, बांधायला नाही. फुगलेले एमडीएफ वाळले तरी पूर्वीसारखे घट्ट होत नाही आणि त्यातले टी-नट बोटाने फिरू लागतात. तळाची फळी बदलून घ्यावी. नवी फळी मरीन प्लायची घेतली तर उत्तम. त्याआधी पाणी कुठून आले ते शोधावे. बहुधा दोषी मागच्या दाराचे रबर निघते, पण प्रश्न १० मधल्या पद्धतीने कोणी भोके पाडली असतील तर कार्पेट उचलून पहिल्यांदा तेच बोल्ट पाहावेत.